सहा कोनांचे स्फटिक

सिद्धेश्वरी बिराजदार यांना भवानी पेठेतल्या त्या लॅबमध्ये सगळे अक्का म्हणत. लॅब डॉक्टर आदिनाथ दोशींची, म्हणजे मुळात त्यांच्या वडिलांची, आणि अक्का वडिलांच्या काळापासूनच्या. एकतीस वर्षं त्यांनी सोलापूरकरांचं रक्त, लघवी, थुंकी पाहिली होती. थोरले डॉक्टर गेले, धाकटे शिकून आले, नवी यंत्रं आली. लघवी तपासायचंही यंत्र आलं. नळी ठेवली की दोन मिनिटांत कागद बाहेर. पण कागदावर ‘स्फटिक’ असं छापून आलं, की अक्का ती नळी उचलून आपल्या मायक्रोस्कोपकडे नेत.

“यंत्र मोजतं झकास,” त्या म्हणत. “ओळखायचं काम मात्र आपलंच.”

एप्रिल लागला की सोलापुरात मुतखड्याचे पेशंट वाढतात. ऊन बेचाळिसाच्या वर, अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि लघवी घट्ट होते. त्या सोमवारी सकाळपासून अशा अकरा नळ्या आल्या होत्या. अकरावी होती शिवानी सिद्धप्पा म्हेत्रे, वय वीस, राहणार होटगी. यंत्राने छापलं होतं, युरिक ॲसिडचे स्फटिक.

अक्कांनी थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळा लावला.

काचेवर षटकोन पसरले होते. चपटे, बिनरंगाचे, सहाही बाजू सारख्या, कुणी पट्टी लावून कापावेत तसे. काही सुटे, काही एकमेकांवर चढलेले. आयुष्यात हे त्यांनी एकदाच पाहिलं होतं, शिकत असताना, एका जुन्या स्लाईडवर. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, नोकरीभरात एखादवेळ दिसेल, दिसला तर सोडू नका.

युरिक ॲसिडही क्वचित असा आकार घेऊन फसवतं, हे अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी कपाटातून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड काढलं आणि काचेच्या कडेला एक थेंब सोडला. थेंब आत सरकत गेला आणि षटकोन एकेक करून विरघळून गेले. युरिक ॲसिड असतं तर हललं नसतं.

“सिस्टिन,” अक्का स्वतःशीच म्हणाल्या आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या.

आदिनाथ डॉक्टर रिपोर्टांवर सह्या करत होते. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“अक्का, सिस्टिनुरिया? दहा हजारांत एखादा असतो.”

“तो एखादा आज होटगीहून आलाय.”

“चला, दाखवा.”

डॉक्टर येऊन बघतात तो काच मोकळी. जे होतं ते ॲसिडने खाऊन टाकलं होतं. अक्कांना हसू आलं. त्यांनी नळीच्या तळातून दुसरा थेंब घेतला, पण आता उरलं होतं थोडंच. डॉक्टरांना दोन-तीन षटकोन दिसले, तेही अर्धवट.

“तुमच्यावर विश्वास आहे,” ते म्हणाले, “पण दोन षटकोनांवर मी कुणाच्या पोरीला जन्माचा आजार लिहून देणार नाही. पुन्हा सॅम्पल मागवा.”

“मागवते की. तुम्ही तो रिपोर्ट तेवढा थांबवा. युरिक ॲसिड म्हणून गेला, तर परत कुणी बघणार न्हाय.”

रिपोर्ट थांबला.

गुरुवारी शिवानी आली. उंच, सडपातळ, कॉलेजची पिशवी खांद्याला. बरोबर वडील सिद्धप्पा होते, रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या गँगमध्ये काम करणारे, उन्हाने रापलेले. अक्कांनी दोघांना बसवलं आणि पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं. पहिला खडा चौदाव्या वर्षी. दुसरा सोळाव्या. तिसरा अठराव्या, तो लेझरने फोडला. तीन ऑपरेशनं, आणि आता डावीकडे पुन्हा ठणका.

“दर बारीला सांगत्यात, पाणी प्या,” सिद्धप्पा म्हणाले. “आमच्या गँगमधी सगळी उन्हात मरत्यात, पाणी कमीच पित्यात. कुणालाबी येवढं न्हाय. हिलाच का?”

“काढलेला खडा तपासायला दिला होता कधी?”

“तसं कुणी बोललं न्हाय. पर हिच्या आईनं पैल्या ऑपरेशनचा तुकडा ठेवलाय डबीत.”

“पुढच्या वेळी घेऊन या. कुणाला देऊ नका, धुऊ नका.”

शिवानीने सॅम्पल दिलं. अक्कांनी गाळ तळाला बसावा म्हणून ते यंत्रात फिरवलं, थेंब काचेवर घेतला, आणि पाहिलं तर एकही षटकोन नाही. दुसरा थेंब घेतला. नाही. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते.

दुसरी कुणी असती तर खचली असती. अक्कांनी आंबटपणा दाखवणारी रंगाची पट्टी लघवीत बुडवली आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला. सोमवारी पीएच साडेपाच होता, आज साडेसात.

त्या बाहेर गेल्या. “शिवानी, सोमवारनंतर काही औषध घेतलंस?”

“दुखत होतं म्हणून मेडिकलमधून आणलं. ते लिंबाच्या चवीचं, पाण्यातून घ्यायचं. मागच्या वेळचंच.”

“किती दिवस?”

“तीन. लगेच उतार पडला.”

“पडणारच!” अक्का म्हणाल्या आणि आत येऊन डॉक्टरांसमोर पट्टी धरली. “बघा. तिने सायट्रेट घेतलंय. लघवीचा आंबटपणा गेला, सिस्टिन त्यात विरघळून बसलंय. चोर घरातच हाय, दिसत न्हाय एवढंच.”

“मग बाहेर कसा काढणार?”

“लघवी परत आंबट करायची आणि थंड ठेवायची. उद्या सकाळी या आणि स्वतः बघा. मी आधी डोळा लावणार न्हाय.”

त्यांनी त्या लघवीत थेंब-थेंब ॲसेटिक ॲसिड घालून पट्टीचा रंग खाली आणला, नळीवर नाव लिहिलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिली. घरी जाताना त्यांना कसलीही धाकधूक नव्हती. वाटेत थांबून त्यांनी कैऱ्या घेतल्या.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आले. अक्कांनी नळी फिरवली, तळातला थेंब काचेवर घेतला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. डॉक्टर बराच वेळ काच इकडेतिकडे सरकवत राहिले. मग त्यांनी स्वतःच कडेला ॲसिडचा थेंब सोडला आणि विरघळणारे षटकोन शेवटपर्यंत पाहिले.

“अक्का, माझं चुकलं.”

“चुकलं कुठं? तुम्ही थांबलात. सही करणाऱ्यानं थांबायलाच पाहिजे.”

सिद्धप्पांनी डबी आणून दिली. आत तुरीच्या डाळीएवढा पिवळसर, मेणचट तुकडा होता. डॉक्टरांनी तो पुण्याला तपासायला पाठवला. बारा दिवसांनी उत्तर आलं. खडा निव्वळ सिस्टिनचा, दुसरं काही नाही. सहा वर्षांत जे नाव कुणी घेतलं नव्हतं, ते आता कागदावर होतं. तो कागद घेऊन शिवानी मूत्ररोगाच्या सर्जनांकडे गेली आणि तिची औषधं त्याच दिवशी बदलली.

गोष्ट इथे संपली असती. पण सिद्धप्पा पुन्हा लॅबमध्ये आले ते मान खाली घालून.

“अक्का, डॉक्टर म्हणत्यात हे जन्मापासनं हाय, आईबापाकडनं आलंय. हिच्या आईनं तवापासनं अन्न सोडल्यागत केलंय. म्हणती, आमच्या रक्तात खोट न्हाय. तुमी एकदा येऊन सांगता का?”

रविवारी अक्का होटगीला गेल्या. स्टेशनापासून जवळच म्हेत्र्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे पत्र्याचा मांडव. मांडवात शिवानीची आई शांतम्मा बसली होती, डोळे सुजलेले. शिवानी होती, तिची तेरा वर्षांची धाकटी बहीण पायल होती, आणि एक तिशीच्या आतला तरुण. तो प्रभु, शांतम्माचा धाकटा भाऊ, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला. सिद्धप्पांनी ओळख करून देताना सांगून टाकलं, की शिवानीचं लग्न याच्याशी, तिच्या मामाशी, दिवाळीनंतर करायचं ठरत आलंय. स्वतः सिद्धप्पांनीही थोरल्या बहिणीच्या मुलीशीच लग्न केलं होतं. शांतम्मा म्हणजे त्यांची भाचीच.

अक्कांनी पाणी घेतलं आणि थेट विषयाला हात घातला.

“शांतम्मा, ज्वारी काढून झाली की रानात मागं राहिलेली कणसं, सरवा, वेचतात, माहीत हाय की?”

“व्हय. ल्हानपनी मीबी येचलाय.”

“मूत्रपिंड तेच करतं. आधी रक्तातलं पाणी, साखर, मीठ, सगळं गाळून बारीक नळ्यांत सोडतं. दिवसाला दीडशे लिटरच्या वर. सगळं वाहून गेलं तर माणूस दिवसभरात संपेल. म्हणून त्या नळ्यांच्या भिंतींत वेचणारे बसलेत. कामाचं तेवढं उचलायचं आणि रक्तात परत टाकायचं. आपण डाळ खातो, दूध पितो, त्याचं पोटात अमिनो आम्ल होतं. त्याच्यापासनं अंग बनतं. ते तर ही नळी जवळजवळ सगळं वेचून घेते, शंभरातलं नव्व्याण्णव.”

पायल पुढे सरकून बसली होती. “मग दीदीची नळी काय करती?”

“दीदीच्या नळीत सगळे वेचणारे हायत, फक्त एक जण न्हाय. त्याच्याकडे चार जातींची अमिनो आम्लं उचलायचं काम असतं. ती चारही तशीच लघवीत जातात. त्यातल्या तिघांचं काही बिघडत न्हाय, पाण्यात विरघळून जातात. चौथं सिस्टिन. ते पाण्यात विरघळायला लई कुचराई करतं. लघवी जरा घट्ट झाली, आंबट झाली, की त्याचे खडे.”

शांतम्माने पदर तोंडाला लावला. “म्हंजी माज्यामुळं झालं व्हय?”

“तुझ्या एकटीमुळं न्हाय. तो वेचणारा बनवायचा निरोप आईकडनं एक येतो, बापाकडनं एक येतो. एक बरोबर असला तरी काम चालतं. तुझा एक बरोबर हाय, यांचा एक बरोबर हाय, म्हणून तुम्हा दोघांना कधी खडा झाला न्हाय, कळायला मार्गच नव्हता. हिच्या वाट्याला दोन्हीकडनं बिघडलेलाच आला. यात कुणाचा गुन्हा न्हाय.”

“दोघांकडं सारकाच बिगडलेला कसा काय आला?” सिद्धप्पांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा आवाज बारीक झाला. उत्तर त्यांच्याच घरात होतं.

अक्कांनी ते टाळलं नाही. “तुम्ही दोघं एकाच घरचे. एकाच पूर्वजाकडनं दोघांकडे उतरलं.”

सिद्धप्पांनी प्रभुकडे पाहिलं, मग अक्कांकडे. “म्हंजी तुमी म्हणताय, मामाची सोयरीक करूच नका. आमच्यात पिढ्यान् पिढ्या चाललंय हे.”

“सिद्धप्पा, माझं लग्नही माझ्या मामाशीच झालंय,” अक्का म्हणाल्या. “तेहेतीस वर्षं झाली, सुखात हाय, दोन मुलं धडधाकट हायत. मी त्या चालीला नावं ठेवायला आले न्हाय. पण माझ्या वेळी कुणाला काही माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत झालंय. प्रभुकडे तो बिघडलेला निरोप असायची शक्यता बरीच हाय, सख्खा भाऊ हाय तो शांतम्माचा. असला, तर या दोघांच्या दर दोन लेकरांतल्या एकाला हेच व्हायची भीती. मी एवढंच सांगणार. ठरवायचं ज्यांचं लग्न हाय त्यांनी.”

सगळ्यांच्या नजरा शिवानीकडे वळल्या. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

“अप्पा, तीन वेळा मी त्या टेबलावर झोपलेय. दर वेळी आई बाहेर जमिनीवर बसलेली असायची. मला तिच्या जागी बसायचं न्हाय.”

“पर सगळ्यास्नी सांगून झालंय!” सिद्धप्पा ताडकन उठले. “पावणे काय म्हणतील?”

“दाजी, माझंबी ऐका की,” प्रभु म्हणाला. आतापर्यंत तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. “मी सात वर्षांचा होतो, तवा हिला कडंवर घेऊन स्टेशनावर गाड्या दाखवायला न्यायचो. तुमी ठरवलं, म्हणून मी गप बसलो. पर मला हिच्यात बायको कदी दिसलीच न्हाय. पावण्यांना मी सांगतो. माझ्या नावावर घाला.”

शिवानीने मामाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. अवघड पेपर सोपा गेल्यावर येतं तसलं काहीतरी होतं.

सिद्धप्पा मांडवाबाहेर गेले आणि कुंपणापाशी पाठ करून उभे राहिले. एक मालगाडी गेली, तिचे सगळे डबे संपेपर्यंत ते हलले नाहीत. परत आले ते बायकोसमोर येऊन थांबले.

“शांता, जेवायला वाढ. अक्का पैल्यांदा आल्यात घरी.”

शांतम्मा चार दिवसांत पहिल्यांदाच चुलीपुढे बसली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. अक्कांनी शिवानीच्या ताटातली चटणी अर्धी उचलून आपल्या ताटात घेतली.

“मीठ कमी. चटणी, लोणचं, पापड, सगळं चवीपुरतं. मीठ जास्त झालं की सिस्टिनही जास्त बाहेर पडतं. आणि पाणी किती पितेस?”

“घरी पिते भरपूर. कॉलेजात न्हाय.”

“का?”

शिवानी घुटमळली. “तिथलं बाथरूम बघवत न्हाय. आम्ही सगळ्याच पोरी सकाळपासनं पाणी पीत न्हाय.”

अक्कांचा घास हातातच राहिला. तीन ऑपरेशनं झालेली मुलगी, आणि कुणी तिला एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता.

“उद्या डॉक्टरांचं पत्र देते. प्राचार्यांकडे तू स्वतः जायचं. रडायचं न्हाय, विनवायचं न्हाय. सांगायचं, मला दिवसाला चार लिटर पाणी प्यायचंय आणि दर दोन तासांनी जायचंय, सोय करून द्या.”

निघताना अक्कांनी पर्समधून एक रिकामी डबी काढली आणि पायलच्या हातात ठेवली. “उद्या सकाळची पहिली लघवी. अप्पांबरोबर पाठव.”

“मला कुटं काय होतंय?”

“म्हणूनच.”

शांतम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सोमवारी पायलची नळी अक्कांनी स्वतः फिरवली. एका आईबापाच्या दर चार लेकरांत एक, असा हिशोब त्यांना पाठ होता. पण देव काही हिशोब मांडून देत नाही. पहिल्या थेंबात काही नव्हतं. दुसऱ्या थेंबात, काचेच्या कोपऱ्यात, एक लहानसा षटकोन होता. मग आणखी दोन.

“डॉक्टर,” त्यांनी हाक मारली. यावेळी आदिनाथ धावतच आले.

पायलची सोनोग्राफी त्याच दुपारी झाली. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ होती, खडा नाही, कणही नाही. रिपोर्ट घ्यायला शांतम्मा आली होती. आजार आहे हे ऐकून ती मटकन बाकावर बसली, आणि खडा अजून झालेलाच नाही हे ऐकून बसल्या जागी रडू लागली.

“शिवानीचं कापल्यावर कळलं ओ,” ती म्हणाली. “हिचं न कापता कळलं.”

“आणि कापायची वेळ येऊ द्यायची न्हाय,” अक्का म्हणाल्या. “ते तुझ्या हातात हाय. औषध, पाणी, आणि झोपेतनं एकदा उठवून पेलाभर पाजायचं.”

शिवानी प्राचार्यांकडे गेली. एकटी नाही, वर्गातल्या नऊ मुली घेऊन गेली. पत्र तिच्या एकटीचं होतं, पण बोलल्या दहाही जणी. तिला शिक्षिकांच्या बाथरूमची किल्ली त्याच दिवशी मिळाली. मुलींच्या बाथरूमला नवी दारं आणि पाण्याची टाकी बसायला दोन महिने लागले, पण बसली.

प्रभुने पावण्यांना खरंच स्वतः सांगितलं. काही जण बोलले, काहींनी बोलणं बंद केलं. फाल्गुनात त्याचं लग्न पंढरपूरकडच्या, नात्यात नसलेल्या मुलीशी झालं. शिवानी करवली होती.

वर्ष फिरून पुन्हा एप्रिल आला, तशा दोघी बहिणी आईबरोबर लॅबमध्ये आल्या. पायलचं सगळं स्वच्छ होतं. शिवानीच्या डाव्या मूत्रपिंडात तीन मिलिमीटरचा एक खडा होता.

“हा मागच्या एप्रिलमध्येही होता,” आदिनाथ डॉक्टर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून म्हणाले. “तीनच होता. सात वर्षांत पहिल्यांदा तुझा खडा वर्षभर वाढला नाही.”

“जाणार न्हाय का पण तो?” शिवानीने विचारलं.

“जाईल किंवा राहील. तू त्याच्यापुढे राहिलीस म्हणजे झालं.”

शिवानीने मान हलवली. पुढच्या महिन्यात तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, आणि पर्यवेक्षकांना द्यायचं पत्र तिने आधीच टाईप करून आणलं होतं. डॉक्टरांची फक्त सही हवी होती.

सगळ्या निघाल्या तशी शांतम्मा मागे रेंगाळली. पिशवीतून तिने एक डबी काढली आणि अक्कांसमोर ठेवली. वर कागद चिकटवला होता, कल्लप्पा, अक्कलकोट.

“माज्या चुलतभावाची हाय. दोनदा खडा झालाय त्याला. म्या म्हटलं, तपासल्याबगर पानी प्या म्हनून कुनाचं ऐकून गप बसायचं न्हाय. तपासा की.”

अक्कांनी डबी घेतली. नळी फिरवली, थेंब काचेवर घेतला, डोळा लावला. शांतम्मा शेजारी उभी होती. काचेवर चौकोनी लिफाफ्यांसारखे, मध्ये फुली मारलेले स्फटिक चमकत होते. रोज दिसतात तसे.

“साधा खडा हाय,” अक्का म्हणाल्या. “त्याला सांग, पाणी पी.”

शांतम्मा हसली आणि म्हणाली, “आता सांगते.”